तपकिरीची सोन्याची डबी

७ फेब्रु. २०२१, ओंगार
लॉकडाऊन चालूच. ऑफिस किचन टेबलावर. इथल्या म्युझियमच्या साइटवर अठराव्या शतकातली तपकिरीची डबी सापडली. सोन्याची, वर निळं मीनाकाम. कादंबरीत घालावी. (कादंबरी = तीन पानं.)
बाबांना फोटो पाठवला. पुण्यात चाळीस वर्षं मीना भरला त्यांनी. स्वतःची तपकीर मात्र प्लॅस्टिकच्या डबीत.

८ फेब्रु.
बाबांचा फोन. "तोंड काय दाखवतेस? पालथी कर. कारागीर बुडाकडून कळतो."
"काचेत आहे बाबा. आणि म्युझियम बंद."
"मग बघितलंस काय तू?"
उघडलं की जाते म्हटलं. बूड, बिजागरी, झाकणाची आतली बाजू. सगळं बघून सांगते. प्रॉमिस.

२८ मार्च
व्हिडिओ कॉल. आई खूश. "दोन दिवस डबीला हात नाही लावला यांनी. सुटली एकदाची." मी टाळ्या वाजवल्या.
बाबा : "सोडली नाही गं. लागतच नाहीये. माती ओढल्यासारखं वाटतं."
आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, ग्रँड, आता परत सुरू करू नका.

१ एप्रिल
बाबांना ताप. टेस्ट पॉझिटिव्ह. वास गेला होता त्यांचा. चार दिवस आधी सांगत होते आणि मी टाळ्या

६ एप्रिल
बाबा ऑक्सिजनवर. नर्सने फोन धरला. "उघडलं का गं ते?"
"अजून नाही."
"बरं."
विमानाचं तिकीट बघतेय. आई म्हणते, येऊन करशील काय, आत सोडत नाहीत कोणाला.

११ एप्रिल
पहाटे गेले.

(महिनाभर काही लिहिलं नाही.)

मे, तारीख बघितली नाही
म्युझियम उघडलं. डबी काडेपेटीएवढीच. फोटोत केवढी वाटली होती. काचेच्या फळीवर आहे म्हणून खाली जमिनीवर बसले, मान वाकडी करून. तिथला म्हातारा गार्ड आला. "यू ऑलराइट देअर, लव्ह?" बूड बघायचंय म्हटलं. त्याने खालून मोबाइलचा टॉर्च धरला. "रोज इथे उभा असतो, हे कधी बघितलंच नाही," असं काहीतरी म्हणाला.
बुडालाही निळा मीना. जिथे कोणी बघणार नाही तिथे बारीक पानं. एका कोपऱ्यात टवका उडालाय. बिजागरी शोधून सापडत नाही. आतली बाजू नाही बघता आली. झाकण बंद.
बाहेर येऊन बुडाचा काढलेला फोटो बाबांच्या नंबरवर पाठवला. सवयीने. फोन आता आईकडे असतो.
तिचा मेसेज : "छान आहे गं मागून. यांची डबी अर्धी भरलेली आहे अजून. धुऊन ठेवू की तशीच राहू दे?"