आबांना ऐकू येत नव्हतं

आबा, काल उधन्यात कापड विणणाऱ्या लूमच्या कामगारांसमोर मी तुमच्याबद्दल बोलले. आमच्या दवाखान्याने कान तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. मी तिथे तेच काम करते, म्हणून डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला तुम्हीच बोला, तुमच्या घरात घडलंय." चार दिवस भाषण पाठ केलं. पण पहिल्या रांगेत आई बसणार होती, आणि तुम्हाला ऐकू येईनासं झालंय हे तिला कधी सांगणार नाही, असं तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची. डबा घेऊन कारखान्यात येते, तुम्ही लूमच्या खडखडाटात माझ्या ओठांकडे बघता. मग एक दिवस कळतं, घरातल्या शांततेतही तुम्ही ओठांकडेच बघता. "तुनी मायले सांगू नको," तुम्ही म्हणालात. "घाबरी जाई ती."

काल उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं गेलं. कागदावरची अक्षरं लागेनात. शेवटी कागद घडी करून ठेवला आणि तुम्ही गेलात तो दिवसच सांगितला. मागून सूत गुंडाळलेल्या जड लोखंडी बीमची ट्रॉली येत होती, चौघे "हट! हट!" ओरडले, तुम्ही वळलाच नाहीत. इथे माझा आवाज गेला. वाटलं, आता लोक उठतील. कोणी उठलं नाही. रडू दाबून बोलायला गेलं की शब्द अडतो, थांबलं की समोरची माणसंही थांबतात, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आईकडे बघवत नव्हतं, म्हणून मागच्या एका माणसाकडे बघून बोलत होते. तो माझ्या ओठांकडे बघत होता. तपासणीला पहिला तोच आला.

परतताना आई रिक्षात माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "माले ठाऊक व्हतं. मी बी कोनले सांगं नही."

एक गोष्ट मात्र मी तिथे बोलले नाही, रिक्षातही नाही. त्या सकाळी चपला घालता घालता तुम्ही मला विचारलंत, "सेठले सांगी देऊ का, पोरी?" काम गेलं तर गावी परतावं लागेल, शाळा सुटेल, या भीतीने मी मान हलवून नको म्हटलं. हे आईला सांगायची मला अजून भीती वाटते.