राखेत पुरलेले सुटे भाग

मामंजी,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, की तुमच्या मोटारीत बसलेली माणसंही आता थोडीच उरलीत. त्यातलाच एक म्हातारा परवा बाजारात भेटला. म्हणाला, "तुमच्या सासऱ्यानं लढाईत मोटारीचं सामान राखंत घालून टिकवलं. लय डोक्याचा माणूस." मी मान हलवली, पिशवी उचलली आणि घरी आले. तेव्हापासून जीव नुसता चडफडतोय. तुमच्या हयातीत गप्प बसले, तुमच्यामागेही गप्प बसले. आता नाही बसणार. राखेनं काहीही टिकवलं नाही. मी टिकवलं.

तुमचे चिरंजीव पलटणीत लॉरी चालवायला गेले तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मागोमाग पेट्रोल मिळेनासं झालं आणि रहिमतपूर-सातारा करणारी आपली सर्व्हिस मोटार तुम्ही छपरात लाकडी ठोकळ्यांवर चढवलीत. ते प्रत्येक पत्रात लिहायचे, परत आलो की आपलीच मोटार चालवीन, दुसऱ्याच्या दारात नोकरीला उभा राहणार नाही. पण मोटार जुनी, आणि सुटे भाग विलायतेहून यायचे बंद झालेले. सांगलीच्या एका दुकानात उरलंसुरलं होतं ते तुम्ही पोत्यात बांधून आणलंत. बेअरिंगा, व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा आणि गिअरचं मोठं दातेरी चाक. ते चाक दोन्ही हातांत धरून तुम्ही म्हणालात, "जुन्या चाकाचं दात झिजल्यात. ह्ये बसवल्याबिगर गाडी चढाला लागायची न्हाई." हे सामान टिकलं तर माझा नवरा स्वतःच्या मोटारीवर बसणार होता, एवढं मलाही कळत होतं.

आणि तुम्ही काय केलंत? कडधान्याला कीड लागू नये म्हणून आपण ते राखेत ठेवतो, तसं लोखंडही राखेत ठेवलंत. गोवऱ्यांची राख चाळून पाच मडकी भरलीत, सगळं सामान त्यात पुरलंत, तोंडाला फडकं बांधून वरून शेणमातीनं लिंपलंत. मी दारातून म्हटलं, "आवं मामंजी, राख पाणी वढती. पावसाळ्यात लोखंड खाऊन टाकील. आमच्या आष्ट्याला गुऱ्हाळ उठलं की उसाचा चरक गरम पाण्यानं धुत्यात, उन्हात वाळवत्यात आन् एरंडेल चोपडून गुंडाळून ठेवत्यात. आमचं एक खुरपं राखंत ऱ्हायलं, तर पार सडलं." शेजारचे दोघे ओट्यावर बसलेले. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. "काकवी ढवळणाऱ्याची लेक मला मोटार शिकवाय लागली. सूनबाई, तू चुलीकडं बघ." ते दोघेही हसले. माझ्या बापाला तुम्ही परक्यांपुढे हसलात, मामंजी. ते मी आजही विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

चुलीकडे बघ म्हणालात ना, मग मी चुलीकडेच बघितलं. सासूबाई मी यायच्या आधीच वारलेल्या, स्वयंपाकघर माझं एकटीचं. तुम्ही दुपारी मळ्यात गेलात की मी एकेक मडकं न फोडता फक्त लिंपण काढून उघडायची. रॉकेल रेशनवर, म्हणून घरात एक दिवा कमी लावायची आणि उरलेल्या रॉकेलात एकेक बेअरिंग धुवायची. तुम्ही विचारलंत, अंधार का, तर मी म्हणाले, रॉकेलची टंचाई आहे. धुतलेलं सामान पितळी परातीत उन्हाला ठेवायचं, आणि मग उघडा हात लावायचा नाही, हाताचा घामही लोखंडाला बाधतो. फडक्यानंच उचलायचं. माहेरच्या एरंडेलात मेण वितळवून ते कोमट असतानाच सगळीकडून चोपडायचं, जुन्या धोतराच्या चिंध्यांत घट्ट गुंडाळायचं आणि चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायचं. तिथं पावसाळ्यातही ऊब असते. दर चार महिन्यांनी सोडून बघायचं, तेल सुकलं असेल तर पुन्हा चोपडायचं. मडक्यात वजन राहावं म्हणून ओढ्यातले गोटे घातले आणि तोंडं पुन्हा लिंपून टाकली. खंडेनवमीला तुम्ही त्या मडक्यांना हळदीकुंकू वाहिलंत, झेंडूच्या माळा घातल्यात, हात जोडलेत. मी शेजारी निरांजन धरून उभी होते. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्हाला वाटलं, सुनेला नवऱ्याची आठवण झाली.

लढाई संपली, हे परत आले. तुम्ही मडकी अंगणात मांडलीत. मला अजून सगळं दिसतंय. तुम्ही पहिल्या मडक्यात हात घालता आणि गोटा बाहेर काढता. दुसऱ्यात गोटा. तिसरं उपडं करता, त्यातही गोटा. "चोरी झाली रं! घर बुडालं!" तुम्ही मटकन खाली बसता आणि मी माळ्यावरची गाठोडी आणून तुमच्यापुढे ठेवते. "चोरी न्हाई मामंजी. सामान चुलीपाशी व्हतं." हे एक चिंधी सोडतात. बेअरिंग त्यांच्या बोटावर गरकन फिरते, अगदी कोरी. ते माझ्याकडे बघत राहतात. तुम्ही मात्र नाही बघत. तुम्ही पाचव्या मडक्याकडे वळता. त्यात गिअरचं चाक आहे, राखेतच, तुम्ही ठेवलंत तसं. दातांवरच्या गंजाच्या खपल्या तुमच्या तळहातावर पडतात. "ह्येच का ऱ्हायलं?" तुम्ही विचारता. "येळ झाला न्हाई," मी म्हणते.

त्या चाकासाठी तुम्ही आणि हे सहा महिने हिंडलात. सातारा, सांगली, पलूस, जिथं कुणी मोटार मोडीत काढली असं कानावर आलं तिथं. तेवढे महिने हे दुसऱ्याची लॉरी चालवत होते. शेवटी चाक मिळालं, मोटार सुरू झाली आणि स्टँडवर तुम्ही सांगायला लागलात, सामान राखेत ठेवलं म्हणून टिकलं. मी डबा घेऊन आलेली असायची. माझ्यासमोर सांगायचात. एकदाही माझं नाव घेतलं नाहीत. मला त्याचा राग आला होता, आजही आहे, आणि आता तुम्ही समोर असतात तर तोंडावर सांगितलं असतं.

हा कागद कुणाला दाखवणार नाही, तुमच्या मुलाला तर नाहीच. हे बाहेर खाटेवर पडलेत. त्यांना आजही वाटतं, त्या एका चाकापुरता मला वेळ मिळाला नाही. वेळ होता, मामंजी. तुम्ही साताऱ्याला गेला होतात, अख्खी दुपार होती, तेल कोमट होतं. चाक धुऊन, पुसून फडक्यात घेतलं होतं. तुमचं हसणं आठवलं आणि मी ते परत राखेत ठेवलं.