वांगचा भाला

८ ऑक्टो. २००४, ओजिमा, टोकियो
खालच्या मजल्यावरच्या कोबायाशी आजी मुलाकडे राहायला जाणार, घर आवरतायत. आज हाक मारली. कपाटात वरती जुन्या किमोनोच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं तर भाला! पातं हातभर, गंजलेलं. दांडा अर्धा कापलेला, त्यावर चाकूने कोरलेलं एकच अक्षर. "ह्यांच्या आजोबांनी आणला. मेइजीतल्या चीनच्या लढाईतून, शंभर वर्षं झाली." मग हळूच, "तुमची ती चिनी मैत्रीण येईल का बघायला?"

९ ऑक्टो.
जपानीच्या क्लासनंतर लिनला घेऊन गेले. तिला जपानी अजून फार येत नाही, मला चिनी येत नाही; आम्ही दोघी इंग्लिशवर भागवतो. अक्षर बघितल्याबरोबर म्हणाली, "वांग. आडनाव आहे. आमच्या गावात निम्मे वांगच."
शाळेत शिकलीय ती. काही चिनी पलटणींत सगळ्यांना पुरतील एवढ्या बंदुकाच नव्हत्या. होत्या त्यांना गोळ्या बसायच्या नाहीत. बाकीच्यांच्या हातात भाले, तलवारी. समोर रायफली.
आजींना जपानीत सांगितलं. त्या खाली बघत म्हणाल्या, ह्यांचे आजोबा नववर्षाला साके प्यायले की एकच गोष्ट सांगायचे. बरोबरचे सगळे पडले तरी एकजण भाला घेऊन शेतातून धावत आला. खूप लांब होता. वाटलं, थांबेल. थांबला नाही.
हे लिनला इंग्लिशमध्ये सांगताना माझी वाक्यं तुटत होती.
लिन म्हणाली, "मला द्या. मी गावी घरी नेते." आजींनी लगेच मान लववली.

१० ऑक्टो.
सकाळी चहाला संदीपला सांगितलं. भडकलाच. "अगं, परवान्याशिवाय पातं घरात ठेवणं गुन्हा आहे इथे! लिनला सांग, हात लावू नकोस म्हणावं. आणि तू मध्ये पडू नकोस. व्हिसावर आहोत आपण." खरंय त्याचं. तरीपण…

१२ ऑक्टो.
आजींना सांगायला गेले तर त्यांनी कालच कोबानवर, कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत, कळवलेलं. पोलीस येऊन बघून गेला. भाला जपानी असता तर नोंदणी झाली असती. चिनी पात्याची होत नाही. जमा करायचा. पुढे? नष्ट करतात.
आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मला वाटलं, कळवलं की नीट होईल."

१५ ऑक्टो.
दोन म्युझियमना फोन केले. दोन्हीकडे ऐकून घेतलं, दोन्हीकडून नाही. इतक्या नम्रपणे नाही म्हणतात की भांडताही येत नाही.
आमच्या मुग्धाने जपानीत विचारलं, "मामा, दारे नो यारी?" आई, कुणाचा भाला? मराठीत बोल म्हटलं आणि उत्तर टाळलं.

१९ ऑक्टो.
नेला. पोलीस तरुण, बूट दारात नीट लावून आत आला. लिन माझा दंड धरून, "तुझं जपानी चांगलं आहे, तू सांग ना त्याला." सांगितलं. येतील तेवढे सगळे आदराचे शब्द वापरले. तो कमरेत वाकला. "मोशिवाके गोझाइमासेन." अत्यंत दिलगीर आहे.
लाकडाला कायद्याची हरकत नाही म्हणाला. दांड्यातला खिळा ठोकून काढला, पातं मोकळं केलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. लिनने एकदा हातात मागितलं. त्याने आजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाही दिलं.
जिन्यात लिनला म्हटलं, तुझ्या घरचं कुणी नव्हतं ना ते.
"नव्हतं. कुणाच्या तरी घरचं होतं ना?"

२७ ऑक्टो.
लिन क्लासला नाही. फोन उचलत नाही. संदीप म्हणतो, दे सोडून. काय सोडून देऊ?

३ नोव्हें.
आजींचं सामान गेलं. मुलाने दांडा कचऱ्यात काढलेला; कापला तर जळाऊ कचऱ्यात चालतो म्हणे. आजींनी त्याच्या नकळत माझ्या दारात आणून ठेवला. "वांगसानच्या घरी कळवता येईल का हो?"
बघते, म्हटलं.
संध्याकाळी दांडा घेऊन लिनच्या दारापर्यंत गेले. आत टीव्ही चालू होता. बेल वाजवली. टीव्ही बंद झाला. दार काही उघडलं नाही.