दुसऱ्या बेसवरचे डोळे

३ जून
आजपासून माझ्या बेसबॉलच्या खुणा बदलायच्या. ठरलं म्हणजे ठरलं. बॅटरच्या मागे उकिडवं बसून मी पिचरला मांड्यांच्या मध्ये एक बोट दाखवलं की त्यानं फास्टबॉल टाकायचा, दोन दाखवली की वळणारा कर्व्ह, हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. काल पिचरच्या मागे दुसऱ्या बेसवर उभा असलेला त्यांचा रनर माझ्या बोटांकडे असा टक लावून बघत होता की बस्स! बॅटरला कळवत असणार. नाहीतर माझ्यासारखा कॅचर असताना त्यांचे नऊ रन?

४ जून
आमच्या पिचरला, वेंडेलला, नवी पद्धत समजावली. चार खुणा दाखवायच्या. जितके आऊट, त्यात एक मिळवायचा, तेवढ्या नंबरची खूण खरी. बाकी थापा. रविवारी उलट बाजूनं मोजायचं. वेंडेल म्हणाला, "वर्लिन, लेका, मी बॉल टाकू की टॅक्सचा हिशेब करू?" गंमत करतो. मान मात्र हलवली. समजलं.

९ जून
संध्याकाळी वेंडेलला बोटं दिसत नाहीत म्हणे. पांढरं नेलपॉलिश आणलं. सगळेच कॅचर लावतात. दुकानातल्या बाईनं विचारलं, बायकोला का? हो म्हटलं. लोरेटा एप्रिलपासून टल्साला बहिणीकडे आहे, हे तिला कशाला सांगा? येईलच. डाव्या हातानं उजव्या हाताला लावणं महाकठीण. मोटेलच्या पंख्यापुढे हात धरून बसलो.

१७ जून
काय जमलंय आमचं! मी बोटं दाखवतो, तो मान हलवतो. दिवसभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं आहे कोण? कर्व्ह मागितला, फास्टबॉल आला. अंगठा सुजलाय. बॉल निसटला असेल त्याच्या हातून.

२५ जून
पुन्हा हरलो. स्कोअरबोर्डमागे दुर्बीण असणार. नवा नियम: मी मास्कला हात लावला की आधीच्या सगळ्या खुणा रद्द. मॅनेजर ऑर्विल म्हणाला, "तुझ्या खुणा चोरून करणार काय? चोरच डोकं धरून बसेल." रविवारी हरलो तर माझी जागा गेली म्हणे. बोलू दे.

२८ जून, रविवार
शेवटची इनिंग, बरोबरी. मी खाली कर्व्ह मागितला. आला डोक्यावरून फास्टबॉल. मागच्या जाळीपर्यंत गेला, तेवढ्यात त्यांचा रनर धावत होम बेसला पोचला, त्यांचा रन झाला, आम्ही हरलो. वेंडेलला गाठलं. तो सवयीनं, ओठ कुणी वाचू नयेत म्हणून तोंडापुढे ग्लोव्ह धरून म्हणाला, "भावा, रागावू नकोस. पहिल्या दिवसापासून मी तुझी बोटं बघतच नाही. डोकं गरगरतं. तुला वाईट वाटू नये म्हणून मान हलवायचो."
फार वाईट वाटलं.

३० जून
मला बुलपेनमध्ये, मैदानाकडेच्या सरावाच्या जागेत पाठवलंय, पिचर लोकांचे हात गरम करून द्यायला. तात्पुरतंच असणार. इथं खुणा लागत नाहीत. "कर्व्ह येतोय रे!" असं ओरडून टाकतात. आज सवयीनं दोन बोटं दाखवली गेली. समोरचा म्हणाला, "काय काका, खाज सुटलीय का?"
मी मांडी खाजवली.