सतरा नंबरचे शर्ट

१२ मार्च

प्रिय दादा,

तुला जाऊन महिना झाला. आज सुट्टी घेऊन तुझं कपाट आवरलं.

शिलाईचं दुकान बंद पडलं तेव्हा तू म्हणालास, "तुमच्या कारखान्याच्या तयार कपड्यांनी माझं दुकान गिळलं." मी म्हणाले, "त्याच कारखान्यावर माझ्या मुली शिकल्या." दोघांचंही खरं होतं, म्हणूनच चार वर्षं अबोला टिकला.

कपाटात आमच्या कारखान्याचे सहा शर्ट निघाले. परदेशी जायचे, पण मी तपासणीत नापास केलेले, फाटकाबाहेर स्वस्तात विकतात तसले. खिशांत माझ्या नंबरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या: "सतरा. काज उसवलं." "सतरा. कॉलर वाकडी." पाचांतले दोष तू हाताने दुरुस्त केले होतेस.

वहिनी म्हणाली, "शर्ट आणला की म्हणायचे, पोरीची नजर बघ! माझ्याच हाताखाली शिकलीय."

मला एकदा तरी सांगायचंस.

पुढच्या महिन्यापासून आमचं काम दुसऱ्या देशात जातंय. तिथे मजुरी कमी आहे. "आता कळलं?" असं तू नक्की विचारलं असतंस. कळलं, दादा.

सहाव्या शर्टाचं बटण अजून सैलच आहे. सुईत दोरा ओवलाय. तू शिकवलंस तसे बुडाशी तीन वेढे देऊन ते लावते.

तुझी धाकटी