आठ मुलींच्या वेण्या

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची लखनौला. विक्रमदादाने जानकीपुरममधल्या या बालगृहापर्यंत बॅगेसकट स्कूटरवर आणून सोडलं. त्याची संशोधन संस्था इथून दहा मिनिटांवर, त्यामुळे वहिनीही खूश. आठ मुली, एक घर आणि त्या घराची आई मी. बेचाळिसाव्या वर्षी एकदम आठ लेकी पदरात पडल्या म्हटलं तर साताऱ्याला लोक हसतील. इथली रीत अशी, की मुली आपणहून मम्मी म्हणेपर्यंत आपण आंटी. असू दे, मला घाई नाही. सगळ्यात धाकटी नैना, सात वर्षांची. तिने हाताला धरून अख्खं घर दाखवलं. पहिल्याच दिवशी जीव लावला कार्टीने.

८ नोव्हेंबर

माझ्या आधीच्या लताबाई जूनमध्ये वारल्या. बालगृहाने मुलींना सांगितलंय, मम्मी गावाला गेली. समुपदेशक शर्मिष्ठा म्हणाली, खरं सांगायचंच आहे, पण धीराने, सगळ्यांनी बसून. तोवर मी गप्प राहायचं.

रोज सकाळी मी खोबरेल आणि फणी घेऊन बसते, तर आठही जणी वेण्या घालून तयार. घट्ट, सरळ भांगाच्या, मोहरीच्या तेलाचा वास. कुणी घातल्या विचारलं तर म्हणतात, मम्मीने. थोरल्या मुस्कानचा उद्योग असणार.

१७ नोव्हेंबर

जळफळाट होतोय माझा. लिहायला लाज कसली? चकल्या केल्या, तर मम्मीच्या मठरीसारख्या नाहीत. नैनाला ताप आला, दोन दिवस तिच्या उशाशी मी बसले, पट्ट्या मी ठेवल्या. ताप उतरल्यावर ती म्हणते, मम्मी बैठी थी मेरे पास. अगं, मी होते ना. मेलेल्या बाईची बरोबरी करायची तरी कशी? ती ना रागावते, ना तिची खिचडी करपते.

२४ नोव्हेंबर

मुस्कान चार दिवसांपासून शाळेच्या शिबिराला गेलीय. वेण्या आजही घातलेल्या होत्या.

१ डिसेंबर

सांगून टाकलं. जेवताना, शर्मिष्ठाला न विचारता. तुमची मम्मी गावाला नाही गेली, ती मेली, आता येणार नाही. रडतील, मग मी कुशीत घेईन, असं मनात होतं. खरं तेच लिहिते.

एकही रडली नाही. नैना डाळीत पोळी बुडवत म्हणाली, आम्हाला ठाऊक आहे. आधी मम्मीला दर मंगळवारी सुट्टी असायची. आता नसते.

२ डिसेंबर

शर्मिष्ठा फार चिडली. म्हणाली, पोरींनी सावरायला जे धरलं होतं त्यालाच तू हात घातलास. बरोबर आहे तिचं. पण मला आज वेगळीच भीती वाटतेय. माझ्या उशीवर मोहरीच्या तेलाचा डाग आहे. ताजा.

५ डिसेंबर

मी अंबाडा घालते. कायम. आज आरशात पाहिलं तर वेणी — घट्ट, मोहरीचा वास — मी नाही घातली. मुली शाळेत होत्या. दादाला फोन केला. उद्या न्यायला ये म्हटलं.

६ डिसेंबर, दुपार

दादा आलाय, फाटकाशी हॉर्न वाजवतोय. बॅग भरून झाली. शेवटच्या दोन ओळी लिहायला पलंगावर टेकले आणि —

मागे गादी दबली.

भांग पाडतेय कुणीतरी. बोटं गार. केस धरलेत, उठता येत नाही. वळून बघायची —

मुली आल्या शाळेतून. जिन्यातून हाक मारतायत. मम्मी, मम्मी. आठही जणी. नैनाचा आवाज सगळ्यांत मोठा.

मागची ती अजून ओ देत नाही.

केस सोडले. सोडले तिने. दार उघडं आहे, दादा खाली आहे, पळाले तर —

पण मग ही ओ देईल. माझ्या पोरींना ही —

नाही. आधी मी. हां बेटा, या, इकडे या, मम्मी इथं —