आपोलिनाचा प्रिंटर कागद ओढेना

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

ओढत नाही म्हणजे नाही! सकाळपासून नऊ वेळा कागद लावला. नऊ वेळा घरघर, आणि मग लाल दिवा. कागद अर्धा इंच सरकून तिथेच. एस.टी.च्या डेपोत एकतीस वर्षं इंजिनं खोलली मी, आणि ह्या टीचभर पेटीपुढे हात टेकले.

माझी बायको आपोलिना जाऊन वर्ष होईल; सतरा तारखेला, रविवारी, चर्चमध्ये तिची वर्षाची मिस्सा. गायनांचे कागद साठ हवेत. वाडीत कुणाचीही मिस्सा असो, मे महिन्यात खुरसापाशी, म्हणजे क्रुसापुढे, लादाईनीची प्रार्थना म्हणायची असो — तेरा वर्षं सगळ्यांचे कागद तिने ह्याच प्रिंटरवर काढून दिले. आणि तिचे मी बाजारातून छापून आणू? जमायचं नाही. तिचे ह्याच्यातूनच निघणार.

८ ऑगस्ट

आत चर्र चर्र वाजतं. कुठेतरी कोरडं पडलंय. तेल घालून बघतो.

९ ऑगस्ट

खोबरेल घातलं. दाराच्या बिजागरीला खोबरेल, शिलाईच्या मशीनला खोबरेल, माझ्या गुडघ्याला खोबरेल — मग ह्यालाच का नको? कागद ओढणाऱ्या रबरी रुळावर बोटाने छान चोळलं. आवाज एकदम बंद! एवढा खूश झालो की स्वतःसाठी चहा टाकला.

आता कागद हलतसुद्धा नाही. काल निदान अर्धा इंच तरी सरकत होता.

बाजारातल्या धनेशचं झेरॉक्सचं दुकान बंद. नारळी पुनवेला गेलेला माणूस अजून परतलेला नाही.

आपोलिना कधी अशी झटापट करायची नाही. गठ्ठा दोन्ही हातांत धरून कडा फुर्रकन सोडायची, ट्रेमध्ये ठेवायची, वरून एक चापट. ‘ये गो बाये, ये.’ आणि यायचा कागद! मी पेपरामागून हसायचो. ‘यंत्राकडे बोलतंस काय गो?’ तर म्हणायची, ‘तू इंजिनाक गाळी घालतंस, तां बरां चालता तुका!’

 मी पेपर आणखी वर धरायचो.

१० ऑगस्ट, रविवार

देवळातून बाहेर पडताना फादरनी विचारलं, ‘कॉस्मेबाब, कागद झाले का?’ झालेच समजा म्हटलं. देवळाच्या पायरीवर खोटं!

संध्याकाळी म्हापशाहून लेक प्रिसिला आली, आठवड्याची रजा टाकून. मिस्सेचा कागद तिने टाइप करून आणलाय. आईच्या कॉम्प्युटरमध्ये घातला. ‘पप्पा, एकदा वाचून बघ.’

नंतर बघतो म्हटलं.

११ ऑगस्ट

धनेश स्वतःच घरी आला. मागचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

‘काका, खोबरेल?’

‘थोडांच लायलंय.’

‘रबराक तेल? तां रबर कागदाक धरून ओढता. तुम्ही ताका बुळबुळीत केलास. आता धरतला कशान?’ हसून हसून खोकला लागला त्याला. प्रिसिलाने पाणी दिलं, आणि तीही हसत होती. हसा म्हटलं.

मग नीट समजावलं त्याने. रूळ काढायचा, कोमट पाण्यात साबणाचा थेंब, फडक्याने पुसायचा, सावलीत सुकवायचा. रबर जिथे झिजून चकचकीत झालंय तिथे बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. ‘आणि कागद? ह्यो बघा कागद! सादाळलो सगळो. समुद्र घरात इलो तुमच्या.’ शेल्फावरचा गठ्ठा उचलला तर खरंच, पावसातल्या पापडासारखा लिबलिबीत. जाता जाता म्हणाला, ‘काकी कागद खंय ठेवायची?’

मला ठाऊक नाही. चौदा वर्षं प्रिंटर ह्या घरात, आणि मला ठाऊक नाही!

१२ ऑगस्ट, मंगळवार

ठाऊक होतं प्रिसिलाला. तांदळाच्या पिंपात! जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, तांदळात खुपसून. अर्धा गठ्ठा अजून होता तिथे, कोरडा ठणठणीत. वर्षभर त्याच पिंपातून मी भाताला तांदूळ काढतोय. वरवरचे काढायचो, वरूनच नवे ओतायचो. हात कधी खाली गेलाच नाही.

अभ्र्याचा वास घेत बसलो थोडा वेळ. तांदळाचाच वास, दुसरा कसला येणार. तरी बसलो.

रूळ पुसला, घासला, बसवला. प्रिसिला मासळी आणायला गेली होती. कोरडा कागद लावला.

नाही. तिरका होऊन अडकला.

१३ ऑगस्ट

अडकला.

१४ ऑगस्ट

भांडण झालं. प्रिसिला म्हणाली, ‘पप्पा, एवढां काय अडलां? धनेशाक पेनड्राइव्ह दी. धा मिनटांत साठ कागद. परवा शनवार!’

मी ओरडलो. तुझ्या आईने अख्ख्या वाडीचे काढले, एकदा कुणाला बाजार दाखवला नाही, वगैरे. फार बोललो. ती शांतपणे माडीवर गेली. पायऱ्या चढायची ढब आपोलिनाचीच.

धनेशचा फोन आला होता — ‘ओढता मां आता?’ नाही म्हटलं. ‘नवल आसा,’ म्हणाला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सायबिणीचं फेस्त, मारियामाउलीचा सण. आपोलिना असती तर घरभर खोबऱ्याच्या वड्यांचा वास असता.

२०११ साली कुडाळहून आणला हा प्रिंटर. एस.टी.त गर्दी, म्हणून खोकं मांडीवर घेऊन ती बसली, आणि मी उभा. डेपोचा माणूस, तरी उभा! वाटेत प्रत्येक खड्ड्याला ‘हळू रे हळू’ — ड्रायव्हर माझाच दोस्त, भिकाजी. तिकडून ओरडला, ‘वयनी, बाळ आसा काय?’ ‘बाळच!’ म्हणाली. सगळी गाडी हसली.

पहिलं काय छापलं? गाड्यांचं वेळापत्रक, वाडीसाठी. वेळा मी सांगितल्या. त्यातली सातची गाडी आठवड्यापूर्वी बंद झालेली — माझ्याच डेपोतून, आणि मलाच पत्ता नाही! बारा माणसं तिठ्यावर ताटकळली. परत येऊन सगळे तिच्यावर चिडले. तिने माझं नाव सांगितलं नाही. ‘प्रिंटर नवो आसा, चुकता,’ म्हणाली.

फार आठवण येते गो. दुपारी जास्त.

१६ ऑगस्ट, शनिवार

खरं लिहितो. मंगळवारी तिरका अडकला नव्हता. पहिलाच कागद सरळ, नीट छापून बाहेर आला होता. त्यानंतर अडकल्याचं जे लिहिलं, जे सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. प्रिसिला घराबाहेर पडली किंवा माडीवर गेली की मी आपोलिनाच्या जुन्या फायली छापत बसायचो — लादाईनी, बालवाडीची गाणी, काय मिळेल ते. मिस्सेची ती एक फाईल मात्र उघडली नाही. तिच्यात पहिल्याच ओळीत आपोलिनाच्या नावामागे ‘स्वर्गवासी’ असणार.

आज प्रिसिलाने साठ कागद मोजून ट्रेमध्ये ठेवले आणि माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. ‘पप्पा, परवा मी माडयेर होतंय. प्रिंटराचो आवाज इलो माका.’

बटण मी दाबलं. साठच्या साठ आले. एकही अडकला नाही. एक तरी अडकायचा होता रे!